टांग्यात मागं बसणाऱ्यांचं उत्तर

सरांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून जमलं नाही, आणि जमावं म्हणून मी कधी प्रयत्नही केला नाही. ते शाळेतले ज्येष्ठ विज्ञान शिक्षक, मी नवीन लागलेली. शाळा शहागंजच्या एका आतल्या गल्लीत होती. वर पत्रे, खाली मुलं, आणि बाहेर दिवसभर फळवाल्यांचा आरडाओरडा. विज्ञानाच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं आणि त्याची किल्ली सरांच्या खिशात असे. आत तराजू, पितळी वजनं, कप्पी, लोखंडी गोळे, सगळं ओळीनं मांडलेलं. मुलांनी ते फक्त काचेतून बघायचं. मी किल्ली मागितली तर सर म्हणाले, "फुटलं तर जबाबदार कोण?"

"लोखंडी गोळे फुटत नाहीत, सर."

"तुमच्या वर्गात फुटतील," ते म्हणाले आणि पान लावायला लागले.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं आणि रस्त्यांवर रिक्षांपेक्षा टांगे जास्त दिसत. मी मुकुंदवाडीहून बसनं यायची. आमचं घर शेतीचं. घरात बी.एस्सी. झालेली मी पहिली, त्यामुळं मला स्वतःबद्दल जरा जास्तच वाटत असे, हे कबूल. पण गतीचे नियम शिकवायचे आणि वर्गात काहीच हलवून दाखवायचं नाही, हे मला आजही पटत नाही. सरांची पद्धत साधी होती. ते गाईड उघडत, एकेक वाक्य सांगत, मुलं उतरवून घेत. 'बाह्य बल लावले नसता स्थिर वस्तू स्थिर राहते व गतिमान वस्तू सरळ रेषेत एकसमान गतीने जात राहते.' मग पूर्णविराम. मग उदाहरण पहिलं, उदाहरण दुसरं. बाहेर फळवाला हातगाडी ढकलून घामाघूम झालेला, आणि आत कुणी खिडकीबाहेर बघितलं तर सर खडू फेकून मारत.

नववीचे तास मला मिळाले. मी घरून स्टीलचा पेला, एक पोस्टकार्ड आणि एक नाणं नेलं. पेल्यावर कार्ड ठेवायचं, कार्डावर नाणं, आणि कार्डाला टिचकी मारायची. कार्ड उडतं, नाणं पेल्यात पडतं. पहिल्याच वर्गात टिचकी चुकली, नाणं बाकाखाली गेलं आणि मागच्या बाकावरची मुलं खिदळली. ही मुलं आसपासच्या गावांतल्या मोठ्या जमीनदार घरांतली होती. बाईमाणसाकडून विज्ञान शिकायचं हेच त्यांना अपमानाचं वाटायचं. "बाई, जादू फसली," एकजण म्हणाला. मी त्याला बाकावर उभं केलं आणि नाणं त्यालाच शोधायला लावलं. दुसऱ्या टिचकीला ते बरोबर पेल्यात पडलं, तर म्हणे, "आवाज चांगला आला."

मी विचारलं, "घोंगडी झटकली की धूळ का पडते?"

"घाण असती म्हणून," तोच मुलगा म्हणाला. वर्ग हसला. मला त्या वर्गाचा इतका राग यायचा की कधी कधी सरांचं पटायचं: ह्यांना सांगावं, लिहून घ्या आणि गप्प बसा.

तेवढ्यात मुलींच्या शेवटच्या बाकावरून आवाज आला, "घोंगडी हलती. धूळ हाय तितंच ऱ्हाती."

ही मुलगी पडेगावहून यायची. घर मेंढरांचं. तिच्या घरात शाळेत इतकी वर्षं टिकलेली ती एकटीच होती. वर्षभर तिनं तोंड उघडलं नव्हतं. हाक मारली तर माझ्याकडं असं बघायची, जणू मी तिच्या ताटातली भाकरी उचलायला आलेय. त्या दिवशीसुद्धा उत्तर देऊन तिनं मान खाली घातली ती घातलीच. मला मात्र हर्ष झाला. सगळ्या वर्गाला मी ठणकावून सांगितलं, "असं लिहायचं. गाईड घरी ठेवा. जे डोळ्यांनी बघितलंय, अंगावर आलंय, ते लिहा आणि कारण द्या. कारण बरोबर तर उत्तर बरोबर."

भिंतीपलीकडं सरांचा तास चालू होता. त्यांनी ते ऐकलं असणार, कारण मधल्या सुट्टीत मला म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता का पोरांना बिघडवता?"

वार्षिक परीक्षेचे विज्ञानाचे पेपर सरच काढायचे आणि सरच तपासायचे. नववीची वार्षिक म्हणजे आमच्या शाळेतली चाळणी होती. दहावीचा निकाल चांगला दिसावा म्हणून कच्ची मुलं नववीतच अडवून ठेवायची, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मुलगे अडले तर दुसऱ्या वर्षी पुन्हा बसत. मुली अडल्या की शाळेत दिसतच नसत.

सरांची एक रीत मात्र चांगली होती. निकाल लागायच्या आधी ते तपासलेले पेपर वर्गात दाखवायचे, बेरीज ज्याची त्यानं तपासून घ्यायची. त्या दिवशी शाळा सुटल्यावर ही मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. हातात पेपर होता आणि चेहरा नेहमीसारखाच, भांडायला आल्यासारखा.

"बाई, म्या लिव्हलंय ते खोटं हाय का?"

प्रश्न असा होता: धावणारे वाहन एकदम थांबल्यास आतील प्रवासी कोणत्या बाजूला पडतो? स्थिर वाहन एकदम सुरू झाल्यास कोणत्या बाजूला पडतो? कारणे लिहा. गाईडात उत्तर होतं, थांबल्यास पुढे, सुरू झाल्यास मागे. हिनं बरोबर उलटं लिहिलं होतं. वाहन थांबलं की आपली पाठ मागच्या फळीवर आपटते, आणि वाहन सुटलं की आपण तोंडावर समोर रस्त्यात पडतो. त्यावर सरांची तांबडी फुली, कागद फाटेपर्यंत ओढलेली.

मलाही आधी वाटलं, पोरीनं घोटाळा केला. मग खालचं कारण वाचलं. तिनं लिहिलं होतं: 'टांगा थांबतो पण आपलं अंग घोड्याच्या दिशेनं जातच राहतं. आपली पाठ घोड्याकडं असते म्हणून पाठ आपटते.'

आता टांगे राहिले नाहीत, म्हणून सांगते. टांग्यात दोन बाजूंनी बसतात. टांगेवाल्याशेजारी बसणाऱ्याचं तोंड घोड्याकडं, आणि मागं बसणाऱ्याचं तोंड मागच्या रस्त्याकडं. मध्ये एकच फळी, तिला दोघांच्या पाठी टेकलेल्या. पुढं बसायचे बाप्ये. बायका आणि पोरं कायम मागं, पायरीवर पाय रोवून. पडेगावच्या ह्या पोरीनं टांग्याशिवाय दुसरं वाहन बघितलं असेलही, पण ती बसली होती ती टांग्यातच, आणि टांग्यातही मागंच. वाहन म्हटल्यावर तिला दुसरं काय आठवणार? उत्तर बरोबर होतं. जडत्व तिला माझ्या निम्म्या वर्गापेक्षा नीट कळलं होतं.

"खोटं नाही," मी म्हणाले. "शंभर टक्के बरोबर आहे."

"मंग मार्क?"

मी बेरीज बघितली. गणितात तिला आधीच ग्रेसचे गुण देऊन ढकललेलं होतं, आता विज्ञानात सवलत मिळणार नव्हती. ह्या एका प्रश्नाचे गुण मिळाले तर ती दहावीत, नाही तर नाही.

"दादा म्हनले, नापास झालीस तर बास. मेंढरं हायेत आन पाव्हनं बी बगून ठिवलेत." हे तिनं रडत सांगितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती रडली नाही. "तुमी म्हनल्या व्हत्या, अंगावर आलंय ते लिव्हा."

मी तिथूनच पेपर घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले.

सर चहा पीत होते. मी पेपर त्यांच्यापुढं टेबलावर टाकला, ठेवला नाही. म्हणाले, "हे काय?" मी सांगितलं. टांग्याची बैठक सांगितली, पाठ घोड्याकडं असते ते सांगितलं. त्यांनी शांतपणे चहा संपवला.

"बाई, हे मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?"

"कळतं, तर फुली का?"

"बोर्डाचा तपासनीस टांग्यात बसून पेपर तपासत नाही. त्याच्याजवळ छापील उत्तर असतं. 'पुढे' असेल तर गुण, नसेल तर नाही. आज मी शून्य दिलं तर पुढच्या वर्षी ती असलं लिहिणार नाही."

"आज शून्य दिलं तर पुढच्या वर्षी ती शाळेतच नसेल!"

"ते मी ठरवलं का?"

सरांबद्दल एक सांगायला हवं, नाही तर ते नुसतेच दुष्ट वाटतील, आणि नुसत्या दुष्ट माणसाशी भांडणं फार सोपं असतं. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं तेव्हा ते मॅट्रिकच्या वर्गात होते. तोवरचं सगळं शिक्षण उर्दूतून. पुढं शिकवायची वेळ आली ती मराठीतून. घरी मराठी बोलत असले तरी बल, वेग, संवेग हे शब्द त्यांनी मोठेपणी एकेक करून पाठ केले होते, आणि त्या वेळी त्यांच्याबरोबरचे किती तरी मागं पडले होते. हे तेच एकदा सांगत होते, कौतुक करून घ्यायला नव्हे, पोरांना दम द्यायला. छापील शब्द सोडला की माणूस बुडतो, हे त्यांनी बघितलेलं होतं. हे मला माहीत होतं. तरीही त्या दिवशी माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली ती गेलीच.

"तुम्ही टांग्यात कायम पुढंच बसला असाल," मी म्हणाले.

खोलीतले बाकीचे खाली मान घालून कामाला लागले. सरांचा चेहरा उतरला. "तोंड सांभाळून बोला, बाई."

"चला, बसून बघू. मागं."

त्यांना नाही म्हणता आलं असतं. पण सगळ्यांसमोर मागं हटणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि माझ्याही. मुख्याध्यापक आवाज ऐकून दारात आले होते. ते भिडस्त होते, आम्हा दोघांनाही घाबरायचे. "अहो, अहो," करत तेही आमच्या मागं गल्लीच्या तोंडापर्यंत आले.

घड्याळाच्या मनोऱ्याजवळ टांगे उभे असत. पहिल्याच टांगेवाल्याला मी म्हणाले, घोडा जोरात पळवायचा आणि एकदम थांबवायचा.

"जाना किधर है?"

"कहीं नहीं. दौडाके रोकना, बस."

त्यानं मला आणि सरांना खालून वर बघून घेतलं. "घोडा है बाई, फटफटी नै," तो म्हणाला. पण काहीतरी मजा होणार एवढं त्याला कळलं असावं, कारण लगेच "हौ, बैठो" म्हणून त्यानं गाठोडी खाली काढली. सर मागं बसले, मी शेजारी, मध्ये भरपूर अंतर ठेवून. डोक्यावर त्यांची काळी टोपी, हात मांडीवर. टांगा एकदम सुटला तसे सर पुढं रस्त्याकडं झुकले आणि त्यांनी लोखंडी दांडी पकडली. मी मोठ्यानं म्हणाले, "दुसरं उत्तर बरोबर." टांगा केळीवाल्यांच्या ओळीपर्यंत पळाला आणि टांगेवाल्यानं लगाम खेचला. आम्हा दोघांच्या पाठी फळीवर आपटल्या. माझी आपटली तशीच त्यांची. पण त्यांचं डोकंही मागं गेलं, टांगेवाल्याच्या खांद्याला लागलं आणि टोपी उडून त्याच्याच पायाशी पडली.

केळीवाले हसले. अत्तरवाला दुकानातून बाहेर येऊन हसला. शाळेतली चारदोन पोरं पळत मागं आली होती, ती तर पोट धरून हसायला लागली. टांगेवाल्यानं टोपी झटकून सरांच्या हातात दिली, "लो साब." मीही हसले. मुद्दाम नाही, पण हसले, आणि सरांनी ते बघितलं.

ते खाली उतरले, टोपी घातली आणि चालत शाळेत गेले. मला वाटलं, झालं. भर बाजारात सिद्ध झालं, आता कोण नाही म्हणेल?

सरांनी नाही म्हटलंच नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत ते अगदी हळू बोलले. "गुण देतो. तिचं कारण बरोबर आहे, मी बघितलं. पण आज पोरं हसली. उद्या एकेकजण बैलगाडी घेऊन येईल, गाढव घेऊन येईल, म्हणेल माझं पण बरोबर. वर्ग हातात राहणार नाही. तिनं उद्या वर्गात उभं राहून सांगावं, की बरोबर उत्तर पुस्तकातलंच आहे, माझं चुकलं, सरांनी सांभाळून घेतलं. मग मी सही करतो."

"हे ब्लॅकमेल आहे," मी म्हणाले.

"ही शिस्त आहे," सर म्हणाले.

मुख्याध्यापकांनी रुमालानं कपाळ पुसलं. त्यांना फक्त हे संपायला हवं होतं. "दोन वाक्यं तर आहेत, बाई. पोरगी वर जाईल."

मी म्हटलं, ती असलं काही म्हणणार नाही. मी वर अर्ज करीन, मंडळापर्यंत जाईन, पण बरोबर उत्तराला चूक म्हणायला मी तिला लावणार नाही. आवाज इतका चढला होता की मी दाराकडं बघितलंच नव्हतं. ती दारात उभी होती. शाळा कधीच सुटली होती, पण तिचा पेपर मी घेऊन गेले होते, म्हणून थांबलेली.

"म्हनते की," ती म्हणाली.

"तू गप्प बस," मी म्हणाले.

"म्या म्हनते, सर. उद्या म्हनते."

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला सर माझ्या वर्गात आले आणि खुर्चीशेजारी उभे राहिले. मी खिडकीशी गेले. ती उठली. तिचा आवाज वर्षभरात कुणी इतका मोठा ऐकला नव्हता. "वाहन थांबलं तर प्रवासी पुढं पडतो. सुटलं तर मागं पडतो. माझं उत्तर चुकलं व्हतं. सरांनी मला सांभाळून घेतलं." कुठंही न अडखळता, गाईड वाचल्यासारखं. मागच्या बाकावरून कुणी तरी "टांगा, टांगा" म्हणालं, आणि सरांनीच त्या मुलाला बाहेर काढलं. मग ते माझ्याकडं न बघता निघून गेले.

तास सुटल्यावर मी तिला व्हरांड्यात गाठलं. मला तिचा राग आला होता, सरांपेक्षा जास्त. तिच्यासाठी मी बाजारात उभी राहिले होते, सगळ्या शाळेशी वाकडं घेतलं होतं.

"खोटं का बोललीस? तुला माहीत होतं काय खरं ते."

"मला म्हाईत हाय अजून. म्हनलं म्हनून काय टांगा उलटा चालंल व्हय?"

"मग?"

तिनं दप्तर छातीशी धरलं. ह्या वेळी मान खाली घातली नाही. "बाई, तुमाला सरांला हरवायचं व्हतं. मला धाव्वीत जायचं व्हतं."

मी काही तरी म्हणणार होते. तत्त्वाचं, बहुतेक. ती थांबली नाही.

दहावीला विज्ञान सर शिकवत. ती त्यांच्या वर्गात पुढच्या बाकावर जाऊन बसली. वर्षभर येता-जाता मला नमस्कार करायची, पण थांबायची नाही. सर तिला शाळा सुटल्यावर वेगळं बसवून गाईड पाठ करून घेतात, असं मला शिपायाकडून कळलं. काचेच्या कपाटाची किल्ली तेव्हाही खिशातच होती. तिच्या शिकवणीचं ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. सरांनी मला चिडवायलाच हे चालवलंय, असं वाटत राहिलं, आणि कदाचित ते अगदीच चूक नसेल.

ती पास झाली. निकालाच्या दिवशी ती दादांबरोबर, म्हणजे वडलांबरोबर आली, हातात पेढ्यांचा पुडा. वडील पायऱ्यांशीच चपला काढून उभे राहिले. शिक्षकांच्या खोलीत दारापाशीच माझी खुर्ची होती, पलीकडं सरांची. ती माझ्यावरून पुढं गेली आणि सरांच्या पाया पडली. वाकली तशी बराच वेळ वाकलेलीच राहिली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते नाटक नव्हतं.

मग ती माझ्याकडं वळली. मी पाय आत घेतले, उगीच, तिला वाकायला जागा व्हावी म्हणून. तिनं पुडा पुढं केला आणि म्हणाली, "घ्या, बाई."